शेतात बंद पडणारे अ‍ॅप : कारणे व उपाय

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. वैनगंगेच्या काठच्या तिरोडा व गोंदिया तालुक्यांपासून देवरी व सालेकसा येथील जंगलपट्टीतील लहान लहान बांध्यांपर्यंत खरिपात मुख्यत्वेकरून हेच पीक घेतले जाते. पऱ्हे टाकणे, रोवणी, निंदण व कापणी ही कामे येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे व त्यांविषयी त्याला फारसे सांगण्याची गरज नाही. परंतु अलीकडे या कामांत आणखी एका कामाची भर पडली आहे. ते म्हणजे शेतात उभे असलेले पीक स्वतःच्या फोनवरून शासनाकडे नोंदविणे. सातबाऱ्यावरील पीकपाण्याची नोंद, म्हणजेच गाव नमुना बारा, पूर्वी तलाठी भरीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावी असे ठरले. पुढे केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी या पद्धतीची सांगड घालण्यात आली. अ‍ॅपचे रूप त्यामुळे बदलले, तरी शेतकऱ्याचे काम तेच राहिले.

ही नोंद केवळ कागदोपत्री नाही. पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने धान विकावयाचे असल्यास प्रथम नाव नोंदवावे लागते व त्या वेळी सातबाऱ्यावर धानाची नोंद आहे किंवा नाही हे पाहिले जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आला होता. याखेरीज २०२२ मध्ये हेक्टरी १५,००० रुपये व २०२३ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी प्रोत्साहनपर रक्कम शासनाने जाहीर केली होती. ज्याचे पीक सातबाऱ्यावर चढले नाही त्याला केंद्राच्या दारात अडचण येते आणि व्यापारी सांगेल त्या भावाने माल देण्याची पाळी येते. पीक विमा व अतिवृष्टीची मदत यांचीही गाठ याच नोंदीशी पडते. तेव्हा ऐन बांधीत उभे असताना अ‍ॅप बंद पडले, तर ती गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

अनुभव असा आहे की अ‍ॅप दोन वेळा बंद पडले की शेतकरी ते फोनमधून काढून टाकतो व पुन्हा घेतो. गावातील एखादा जाणता तरुणही प्रथम हाच सल्ला देतो. हा उपाय अगदी शेवटी करावयाचा असून तो प्रथम केल्याने होणारे नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. धान पिवळे दिसले की कारण न पाहता युरियाची मूठ फेकणारा शेतकरी जी चूक करतो, तशीच ही आहे. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, जस्ताच्या कमतरतेने येतो, आणि पाणी तुंबल्यानेही येतो. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

मालगुजारी तलावाखालच्या बांधीत पाणी आले नाही तर शेतकरी तीन ठिकाणी पाहतो. तलावात पाणी आहे काय, पाट मध्येच फुटला आहे काय, आणि आपल्या बांधीचे तोंड मोकळे आहे काय. अ‍ॅपचेही असेच आहे. शासनाचा सर्व्हर म्हणजे तलाव, मोबाईलचे नेटवर्क म्हणजे पाट, आणि शेतकऱ्याच्या हातातील फोन म्हणजे बांधी. बांधीचे तोंड कितीही खणले तरी तलाव कोरडा असेल तर पाणी येत नाही. तसेच सर्व्हर थकला असता फोनमधील अ‍ॅप काढून पुन्हा बसविल्याने काही साधत नाही.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. अ‍ॅप उघडताच मिटले व ‘अ‍ॅप वारंवार थांबत आहे’ अशा अर्थाची सूचना आली, तर दोष बहुधा फोनमध्ये किंवा खुद्द अ‍ॅपमध्ये आहे. अ‍ॅप मिटत नाही पण गोल चक्र फिरत राहते, गावाची किंवा खातेदारांची यादी येत नाही, अथवा ओटीपी येत नाही, तर नेटवर्क किंवा सर्व्हर यांच्याकडे पाहावे. यांतील नेमका कोणता दोष हे ठरविण्यासाठी त्याच जागी उभे राहून दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले व अ‍ॅप मात्र चालले नाही, तर अडचण सर्व्हरची असण्याचा संभव अधिक. तेही उघडले नाही तर नेटवर्कची. शेजारच्या शेतकऱ्याच्या फोनवर अ‍ॅप चालते काय हे विचारणे ही तर सर्वांत सोपी कसोटी होय. गावातील सर्वांचेच अ‍ॅप एकाच वेळी अडले असेल तर आपल्या फोनला दोष देण्याचे कारण नाही.

दोष आपल्याच फोनचा असतो असे नाही याचे एक मोठे उदाहरण मार्च २०२१ मध्ये जगभर दिसून आले. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ नावाचा एक अंतर्गत भाग असतो व अनेक अ‍ॅप्स आपली पाने दाखविण्यासाठी त्याचा उपयोग करतात. या भागाची सदोष सुधारणा गूगलकडून गेल्यामुळे असंख्य लोकांच्या फोनमधील जीमेलसारखी अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. लोकांनी अ‍ॅप्स काढली, फोन पुसून काढले, काहींनी दुकाने गाठली. अखेर वेबव्ह्यू व क्रोम यांची दुरुस्त आवृत्ती आली व ती घेताच फोन पूर्ववत झाले. म्हणून एकाऐवजी चार निरनिराळी अ‍ॅप्स एकाच दिवशी बंद पडू लागल्यास प्ले स्टोअरवर जाऊन वेबव्ह्यू व क्रोम यांची नवी आवृत्ती आली आहे काय हे प्रथम पाहावे.

छायाचित्र काढताच अ‍ॅप पहिल्या पानावर येणे

ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते व तिचे कारण नीट समजून घेणे जरूर आहे. शेतकरी गट क्रमांक निवडतो, पिकाचे नाव व क्षेत्र भरतो, कॅमेरा उघडून छायाचित्र काढतो, आणि परत येऊन पाहतो तो अ‍ॅप नव्याने सुरू झालेले. भरलेली माहिती नाहीशी झालेली असते.

फोनमध्ये दोन प्रकारची जागा असते. एक साठवणुकीची, जिच्यात छायाचित्रे, चित्रफिती व अ‍ॅप्स ठेवली जातात. तिला धान्याची कोठी म्हणता येईल. दुसरी कामाची, जिला रॅम म्हणतात. ती खळ्यासारखी आहे. खळे लहान असेल तर एका वेळी एकच रास मळता येते. दोन किंवा तीन जीबी रॅमच्या स्वस्त फोनवर कॅमेरा उघडला म्हणजे तो बरेचसे खळे व्यापतो, आणि मग फोन आपण होऊन मागे उघडे असलेले एखादे काम बंद करून जागा करून घेतो. ते काम पुष्कळदा आपले पीक पाहणीचेच अ‍ॅप असते. म्हणजे येथे अ‍ॅप बिघडलेले नसते. फोनने त्याला खळ्याबाहेर काढलेले असते.

यावर उपाय असा की, बांधीकडे निघण्यापूर्वी फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, गाणी वगैरे काहीही न उघडता थेट पीक पाहणीचे अ‍ॅप उघडावे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये छायाचित्राचा आकार लहान ठेवण्याची सोय असल्यास तो लहान करावा. पिकाच्या नोंदीस फार मोठे छायाचित्र लागत नाही. एवढ्याने बहुतेक जुने फोन काम देऊ लागतात.

कोठी भरलेली असली तरी अ‍ॅप कोलमडते, कारण काढलेले छायाचित्र ठेवावयास जागाच उरत नाही. खेड्यांतील फोनची कोठी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांनी व चित्रफितींनी भरलेली आढळते. त्या काढून टाकाव्यात व किमान १ ते २ जीबी जागा मोकळी ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये येणारी चित्रे आपोआप साठविण्याची सोय बंद केली म्हणजे हा त्रास पुन्हा होत नाही.

पावसाळ्यात एक निराळीच गंमत होते. ओल्या पडद्यावर पाण्याचे थेंब बोटासारखे काम करतात व नको ती बटणे दाबली जातात. शेतकऱ्यास वाटते, अ‍ॅप वेडे झाले. पडदा कोरड्या फडक्याने पुसावा, इतकेच. उलट एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी धानात भर दुपारी फोन तापतो व स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. क्वचित कॅमेराही बंद करतो. तेव्हा सकाळी काम करावे. ज्या फोनची बॅटरी जुनी झाली आहे तो, कॅमेरा व जीपीएस एकदम चालू झाले असता, तीस टक्के चार्ज दाखवीत असतानाही बंद पडू शकतो. अशा फोनवर नोंद करावयाची तर पूर्ण चार्ज करून निघावे.

मागील हंगामात चाललेले अ‍ॅप या हंगामात का चालत नाही

पीक पाहणीचे अ‍ॅप वर्षातून दोन-तीन वेळाच उघडले जाते. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून अशी योजना आहे की, जे अ‍ॅप काही महिने वापरले गेले नाही त्याला दिलेल्या कॅमेरा, स्थान इत्यादींच्या परवानग्या फोन आपण होऊन काढून घेतो. पुढे ही सोय जुन्या फोनवरही आली. ती लोकांच्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी आहे व चांगलीच आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की खरिपात सुरळीत चाललेले अ‍ॅप उन्हाळी धानाच्या वेळी कॅमेऱ्याशी येऊन अडते किंवा मिटते.

अशा वेळी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅप्स’ हा भाग उघडावा, यादीतून ई-पीक पाहणी निवडावी व ‘परवानग्या’ येथे कॅमेरा व स्थान या दोन्ही परवानग्या द्याव्यात. स्थानाची परवानगी देताना नव्या फोनवर ‘अचूक’ व ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात. तेथे ‘अचूक’ हाच निवडावा. अंदाजे स्थानात फोन कोसभर इकडे तिकडे दाखवू शकतो, आणि मग शेतकरी स्वतःच्या बांधीत उभा असतानाही अ‍ॅप त्याला गटाच्या बाहेर समजते. ‘वापरात नसल्यास परवानग्या काढा’ अशा अर्थाचे एक बटण त्याच पानावर असते. केवळ या एका अ‍ॅपपुरते ते बंद ठेवण्यास हरकत नाही.

बॅटरी बचतीची सोय चालू असल्यास ती नोंद संपेपर्यंत बंद ठेवावी, कारण ती स्थान शोधण्यावर मर्यादा घालते. फोनमधील तारीख व वेळही पाहावी. बॅटरी पूर्ण उतरलेल्या फोनमध्ये तारीख मागे पडलेली आढळते. तारीख चुकीची असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होतच नाही, आणि हे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जीपीएसला आकाश मोकळे लागते, कारण उपग्रहांकडून येणारा संदेश फार क्षीण असतो. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या शेतांत मोहाच्या वा सागाच्या दाट सावलीत उभे राहून नोंद करू नये. धुऱ्यावर उघड्या जागी येऊन फोन हातात धरून काही मिनिटे थांबावे. इंटरनेट नसेल तर उपग्रहांचा ठाव लागण्यास अधिक वेळ लागतो. या अवधीत अ‍ॅप पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्यास शोध दरवेळी नव्याने करावा लागतो.

नेटवर्क आणि गर्दी

सालेकसा, आमगाव व देवरी या तालुक्यांच्या हद्दी मध्य प्रदेश व छत्तीसगढ राज्यांना भिडलेल्या आहेत. सीमेवरील काही शेतांत फोन शेजारच्या राज्यातील टॉवर धरतो. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, परंतु ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर इंटरनेट अडते. ते चालू करून पाहावे. टॉवरवर गर्दी असतानाही दांड्या पूर्ण दिसून माहिती पुढे सरकत नाही. दांड्या म्हणजे पाट रुंद आहे एवढेच कळते, त्यातून पाणी वाहत आहे असे नव्हे.

सर्व्हरवरील गर्दी मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात होते. संपूर्ण राज्यातील शेतकरी एकदम दारात आल्यावर सर्व्हर थकणारच, आणि त्यामुळे काही हंगामांत मुदत वाढवावी लागली आहे. मुदत वाढेल या भरवशावर मात्र कोणी राहू नये. रोवणी आटोपून धान रुजले म्हणजे नोंद करण्यास अडचण नसते. ज्या आवृत्तीत नोंद फोनमध्ये साठवून मागाहून पाठविण्याची सोय असते, तीत छायाचित्र दिवसा शेतात काढावे व रात्री उशिरा किंवा पहाटे गावात येऊन नोंद पाठवावी.

न पाठविलेली नोंद

सर्वांत काळजी घेण्याची बाब येथेच आहे. नेटवर्क नसलेल्या शेतात केलेली नोंद फोनमध्ये पडून असते. ती सर्व्हरवर गेलेली नसते. फोनमध्ये हिरवी खूण दिसली किंवा ‘माहिती साठवली’ असे शब्द दिसले की काम झाले असे अनेकांस वाटते. अशा स्थितीत अ‍ॅप काढून टाकले, किंवा सेटिंग्जमध्ये ‘डेटा साफ करा’ हे बटण दाबले, तर ती नोंद छायाचित्रांसह कायमची जाते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. साहजिकच गावातील एखादा तरुण पाच-पंधरा शेतकऱ्यांच्या नोंदी आपल्या फोनवर घेऊन फिरतो. त्याने अ‍ॅप काढून टाकले तर नुकसान त्या सर्वांचे होते, आणि त्यांना ते कळते डिसेंबरात, खरेदी केंद्रावर.

म्हणून उपायांचा क्रम असा ठेवावा की ज्यात काही गमावण्याचे भय नाही ते उपाय आधी. फोन बंद करून सुरू करणे हा पहिला. त्याने न सुटल्यास सेटिंग्जमध्ये अ‍ॅप ‘सक्तीने थांबवा’ व पुन्हा उघडा. मग ‘कॅशे साफ करा’. कॅशे म्हणजे अ‍ॅपने कामाच्या सोयीसाठी तात्पुरते जमा केलेले साहित्य होय. ते गेल्याने सहसा काही बिघडत नाही. परंतु त्याच्या अगदी शेजारी ‘डेटा साफ करा’ किंवा ‘स्टोरेज साफ करा’ हे बटण असते आणि दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने खळ्यावरील कोंडा झाडला जातो, दुसऱ्याने कोठी रिकामी होते. यानंतर परवानग्या, तारीख व मोकळी जागा तपासावी, आणि मग प्ले स्टोअरवरून अ‍ॅपची नवी आवृत्ती घ्यावी. दर हंगामास अ‍ॅपमध्ये बदल होत असल्याने जुनी आवृत्ती चालेनाशी होते. मात्र नवी घेण्यापूर्वीही अपलोड राहिलेल्या नोंदी आधी पाठवाव्यात. अ‍ॅप काढून पुन्हा बसविणे हा उपाय त्यानंतरचा. तो करताना ओटीपी पुन्हा लागतो, आणि ज्या सिमचे रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील त्यावर तो येत नाही.

नोंद खरोखर गेली किंवा नाही याची खात्री अ‍ॅपमधील ‘गावाचे खातेदारांची पीक पाहणी’ या भागात होते. तेथे गावातील खातेदारांच्या झालेल्या नोंदी दिसतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा ही यादी उघडून ज्यांची नावे दिसत नाहीत त्यांना घरी जाऊन सांगावे. पुष्कळदा त्यांनी नोंद ‘केलेली’ असते, फक्त ती पोचलेली नसते. याच वेळी पीक व क्षेत्रही ताडून पाहावे. धुऱ्यावर तूर असताना संपूर्ण गटावर तूर लागलेली आढळली, तर धानाचे क्षेत्र नोंदीतून जाते.

प्ले स्टोअरवरील अ‍ॅप चालत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठविलेली ‘एपीके’ फाइल उतरवून घेणे अत्यंत धोक्याचे आहे. पीएम किसानसारख्या योजनांच्या नावाने अशा बनावट फाइली पसरविल्या गेल्या आहेत. ती उघडली की फोनवर येणारे संदेश व ओटीपी परक्याच्या हाती जातात व बँकेतील रक्कम काढली जाते. असे घडल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेस सांगून खाते रोखावे.

हे सर्व करूनही अ‍ॅप न चालल्यास गावातील दुसऱ्या, अधिक रॅमच्या फोनवरून त्याच खातेदाराची नोंद करता येते व तोच व्यवहार्य मार्ग होय. तक्रार करावयाची तर ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढेच लिहून उपयोग नाही. फोनचे नाव, अँड्रॉइडची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती, गाव व गट क्रमांक, दिनांक व वेळ, आणि पडद्यावर आलेली सूचना तिच्या चित्रासह द्यावी. ही तक्रार मुदत संपण्यापूर्वीच ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) यांजकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. शेतकऱ्यांसाठीची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी गावासाठी नेमलेल्या सहायकामार्फत केली जाते. परंतु हलके धान तोपर्यंत कापणीस आलेले असते, आणि कापलेल्या बांधीत छायाचित्र काढण्यास पीक उरत नाही. तेव्हा ज्या गटांत हलके वाण लावले आहे त्यांची यादी सहायकाकडे आधी द्यावी, म्हणजे तो त्या शेतांवर प्रथम जाईल.